कोळशाच्या भरवशावर

या आठवड्यात फोन उघडला की कोळसा. नारळाच्या करवंट्या जाळा, खलबत्त्यात कुटा, वस्त्रगाळ करून बरणीत भरून ठेवा. घरात कुणाच्या पोटात विष गेलं, जुलाब लागले, पोट फुगलं, की दोन चमचे पाण्यात कालवून पाजा, असा एक निरोप व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘मोठ्या दवाखान्यांतही हेच देतात.’ अनेक वाचकांनी तो मला पाठवून खरंखोटं विचारलं आहे. उंदीर मारायच्या पेस्टवरच्या लेखानंतर ज्यांची पत्रं आली होती, त्यांतलेही काहीजण आहेत.

मला राग आला तो त्या शेवटच्या ओळीचा, कारण ती खरी आहे. दवाखान्यात कोळसा देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे. योग्य विषावर, योग्य वेळी दिला तर त्याचा उपयोग होतो. बाकीचा सगळा निरोप या एका खऱ्या ओळीच्या जिवावर विश्वासार्ह झाला आहे, आणि तो कुणाचा तरी जीव घेईल.

दवाखान्यातला कोळसा सक्रिय केलेला असतो. करवंटीचा किंवा लाकडाचा कोळसा आठशे ते हजार अंश सेल्सिअसला वाफेत तापवला की त्याच्या कणाकणात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. अशा एक ग्रॅम भुकटीचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही जास्त. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 50 ग्रॅम देतात. म्हणजे पेलाभर काळ्या पाण्यात बारा एकर रान. विषाचे रेणू या पृष्ठभागाला चिकटतात आणि रक्तात न शिरता शौचावाटे निघून जातात. चुलीतल्या कोळशात ही छिद्रं जवळपास नसतातच. अमेरिकेत एके काळी करपलेला पाव, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि टॅनिक आम्ल यांचं मिश्रण ‘सर्व विषांवरचा उतारा’ म्हणून सांगितलं जायचं. ते कुचकामी ठरलं, शिवाय त्यातलं टॅनिक आम्ल यकृताला अपायकारक निघालं. करवंटीची बरणी त्याच माळेतला मणी आहे.

आणि खऱ्या सक्रिय कोळशालाही सगळं चिकटत नाही. आपल्याकडे घरातलं लहान मूल चुकून काय गिळतं? गरोदर आईला मिळालेल्या लोहाच्या गोळ्या. बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल. संडास साफ करायचं ॲसिड. लोह कोळशाला चिकटत नाही. रॉकेलवर त्याचा उपयोग नाही, उलट त्याने मूल ओकलं तर रॉकेल फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथेच असतो. ॲसिडने अन्ननलिका भाजलेली असते. तिथे कोळसा गेला की डॉक्टरला दुर्बिणीतून आतली जखमही दिसत नाही. दारू, मेथेनॉल, लिथियम यांनाही तो धरत नाही. साप-विंचवाचं विष तर पोटात नसतंच.

सगळ्यात भीती वाटते ती ‘पाजा’ या शब्दाची. ग्लानीत असलेल्या माणसाचं नाक दाबून मीठपाणी, ताक, तूप ओतताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. मीठपाण्याने रक्तातलं सोडियम वाढून माणूस दगावू शकतो. कोळसा ओतला तर तो श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतो. म्हणूनच दवाखान्यात आधी रुग्ण शुद्धीवर आहे का, स्वतः गिळू शकतो का हे बघतात. नसेल तर आधी श्वासनलिकेत नळी घालून वाट सुरक्षित करतात, मगच कोळशाचा विचार होतो.

त्याच निरोपात एका फ्रेंच माणसाची गोष्टही आहे, ज्याने म्हणे भर सभेत स्ट्रिक्निन गिळलं आणि कोळशामुळे त्याला काही झालं नाही. एकोणिसाव्या शतकातली ही गोष्ट विषशास्त्राच्या पुस्तकांतही सांगितली जाते. पण तीत तो कोळसा स्ट्रिक्निनबरोबरच गिळतो, विष आणि कोळसा एकाच वेळी पोटात. आपल्या शिवारात असं घडत नाही. निरोगी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत अर्ध्या तासाच्या आत कोळसा दिला तर औषधाचं शोषण जवळपास निम्म्याने घटलं. दोन तासांनी दिला तेव्हा तो फायदा बराच ओसरला होता. युरोप आणि अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या संघटनांनी 1997 साली एकत्र निवेदन काढलं आणि 2005 साली ते सुधारलं. कोळसा सरसकट देऊ नये, धोकादायक प्रमाणात विष गेलं असेल आणि तासाभरात रुग्ण आला असेल तर विचार करावा, असा त्याचा अर्थ. काही औषधांत पुन्हापुन्हा कोळसा देण्याचा उपयोग होतो. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, फिटवरचं कार्बामाझेपिन, क्विनाइन ही त्यांतली. पण तो सगळा दवाखान्यातला मामला आहे.

पोट फुगण्याबद्दल थोडक्यात. जेवणानंतरचा वात कोळशाने कमी होतो का यावर 1980च्या दशकात चाचण्या झाल्या; काहींत फायदा दिसला, काहींत नाही. युरोपीय संघाने एवढाच दावा मान्य केला आहे, तोही जेवणाआधी एक ग्रॅम आणि जेवणानंतर एक ग्रॅम घेतला तर. आपल्याकडच्या पाचक गोळ्यांत पाऊणशे मिलिग्रॅमच्या आसपास कोळसा असतो. जुलाबाला कोळसा नको. मीठ-साखरेचं पाणी आणि मुलांना जस्ताच्या गोळ्या, हे या स्तंभात पुन्हापुन्हा लिहिलं आहे. थायरॉइड, फिट किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी तर कोळशापासून लांबच राहावं, कारण तो औषधही तितक्याच इमानाने धरून ठेवतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. कोळशाने किती जीव वाचतात या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर जिथे शोधलं गेलं, तो देश आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेतल्या खेड्यांत आपल्यासारखीच भातशेती, आपल्यासारखीच घरात ठेवलेली फवारणीची औषधं, आणि आपल्यासारखीच बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या बिट्टीच्या विषबाधेवरचा प्रयोग छापून आला. 401 रुग्ण होते. ज्यांना पुन्हापुन्हा कोळसा दिला त्यांच्यात अडीच टक्के दगावले, ज्यांना एकदाच दिला त्यांच्यात आठ टक्के. साहजिकच सगळ्यांना वाटलं, उत्तर सापडलं.

मग त्याहून मोठा प्रयोग झाला. मायकेल एडलस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तीन रुग्णालयांत विष घेऊन आलेल्या 4,632 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला कोळसा नाही, एकाला एकदा, एकाला अनेकदा. 2008 साली निकाल आला. कोळसा न दिलेल्यांत 6.8 टक्के मृत्यू, अनेकदा दिलेल्यांत 6.3 टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. बिट्टी खाल्लेल्यांचा वेगळा हिशेब मांडला, तिथेही ठोस फायदा दिसला नाही. बहुतेकजण विष घेतल्यावर काही तासांनी पोचले होते, आणि त्यांच्या पोटातलं विष फार जहाल होतं.

कोळशाने नाही, तर घरातलं विष कुलपात ठेवून जीव वाचतील का? तेही श्रीलंकेने करून पाहिलं. 180 गावं, 53 हजारांहून जास्त घरं. निम्म्या गावांत शेतीची औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटल्या. 2017 साली निकाल आला, विष घेण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. हा निकाल वाचून मी सुन्न झालो होतो, कारण कुलपाच्या पेटीची शिफारस आपल्याकडेही प्रत्येक शिबिरात होते आणि मलाही ती शहाणपणाची वाटायची.

जीव वाचले ते भलत्याच ठिकाणी. श्रीलंकेने 1995 साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस या दोन अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. 1998 साली एन्डोसल्फान गेलं. 2008 ते 2011 या काळात पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन गेली. त्या देशातलं आत्महत्यांचं प्रमाण 1995 ते 2015 या वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी खाली आलं. संशोधकांच्या अंदाजाने त्यातून 93 हजार माणसं वाचली. भाताचं उत्पन्न घटलं नाही. विष घेणं एकाएकी थांबलं, असंही झालं नाही. लोक विष घेतच होते, पण जे हाताला लागत होतं त्याने माणूस लगेच मरत नव्हता. भांडणाच्या, अपमानाच्या, कर्जाच्या त्या एका तासातून माणूस पार पडला की बहुतेकजण पुढे जगतात. हे मी अनेकदा लिहिलं आहे आणि लिहीत राहणार आहे. (असा तास तुमच्या किंवा शेजारच्या घरात आला असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही बोलतो.)

आता आपल्याकडे पाहा. मोनोक्रोटोफॉस श्रीलंकेत 1995 साली गेलं. भारतात 2005 साली फक्त भाजीपाल्यावर ते मारायला मनाई झाली, म्हणजे ते कपाशीसाठी दुकानात राहिलं आणि तिथून घरात आलं. 2013च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणाच्या तेलात तेच मिसळलं गेलं आणि 23 मुलं गेली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या माणसांच्या पोटात काही गेलं नव्हतं. विष कातडीतून आणि श्वासातून शिरलं होतं. त्यांना कोळशाची पाटी दिली असती तरी उपयोग नव्हता. मोनोक्रोटोफॉसचं 36 टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघाला 2023 साली, श्रीलंकेनंतर 28 वर्षांनी.

कुणी म्हणेल, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात कोळसा ठेवायचाच नाही का? ठेवायचा, हवाच. पहिल्या तासाचं औषध पहिल्या तासात गाठता येईल तिथे असलं पाहिजे, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तो तास उलटलेला असतो. त्याच्या शेजारी ॲट्रोपीनच्या पुरेशा कुप्या, ऑक्सिजन आणि रुग्णाची वाट मोकळी ठेवता येणारा माणूस हवा. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत जीव त्यांनी वाचतो. आरोग्य केंद्राच्या पाहणीला जाणाऱ्या प्रत्येक आमदाराने कपाट उघडून ॲट्रोपीन मोजावं, ही मागणी मी सोडणार नाही.

निरोप पाठवणाऱ्या वाचकांनी एवढंच करावं. बरणी भरू नये. कुणी काही घेतलं तर ओकारी काढू नये, तोंडात काही ओतू नये, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावं, 108ला फोन करावा, आणि औषधाची बाटली किंवा डबा, रिकामा असला तरी, सोबत न्यावा. लेबलवरचं रसायनाचं नाव डॉक्टरला कोळशाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त उपयोगी पडतं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर त्या नावावरून उपचार सांगतं.

मे 2020मध्ये केंद्राने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यातली बहुतेक नावं आजही तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आहेत. पुढच्या आठवड्यात ती एकेक करून घेऊ.