टाळी माझीही होती



परवा नातीने मोबाइलवर ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ची २०१५ची अंतिम फेरी दाखवली. मतीस नावाचा कुत्रा त्यात जिंकला. तो दोरीवरून चालला तेव्हा मीही टाळी वाजवली. मग नात म्हणाली, “आजी, दोरीवर मतीस नव्हताच. चेस नावाचा दुसराच कुत्रा होता!”

यावरून तिकडे केवढा गदारोळ झाला. तक्रारी गेल्या, मतांचे पैसे परत करायची वेळ वाहिनीवर आली. रास्तच आहे. पण तक्रार कसली, तर आम्हाला फसवलं! कुत्र्याने मुळात दोरीवर चढावंच का?

सून म्हणते, खाऊ मिळतो, खुशीने करतात. असेलही. २०१२मध्ये जिंकलेला पडसी मालकिणीबरोबर नाचला, त्याची मलाही गंमत वाटली होती. पण दोरीवर चालणं काही कुत्र्याचा स्वभाव नाही. ते आपल्या टाळीसाठी शिकवलेलं असतं.

प्रतिक्रमणात आपण कृत, कारित, अनुमोदना या तिन्हींची क्षमा मागतो ना? मी त्याला शिकवलं नाही, कुणाकरवी शिकवून घेतलं नाही. टाळी मात्र वाजवली. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तर डोळ्यांपुढे चेसच.