नाव मोठं, लक्षण खोटं

माठ विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मिनेसोटात जुनी स्की बोट घेताना मी एवढी साधी अक्कलही वापरली नाही. १९७०च्या दशकातली फायबरची बोट, झगझगीत लाल रंग, नव्या कोऱ्या गाद्या आणि जाहिरातीत ठसठशीत शब्द : ‘पूर्णपणे रिस्टोअर केलेली’. घरी आणल्यावर मागच्या भिंतीवर सहज हातोडी वाजवली. बद्द!

या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. माझ्या बोटीसारख्या बोटीत आउटबोर्ड इंजिन तिच्यावरच टांगलेलं असतं. शंभर किलोच्या वर वजन आणि वर पंख्याचा सगळा रेटा. वॉटर स्कीइंग करणाऱ्याची दोरीसुद्धा तिथल्याच कड्यांना बांधतात. बाहेरून दिसतं फायबर, पण त्याच्या पोटात जवळपास दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं आणि भार पेलायला तेच लागतं. माझ्या बोटीतल्या प्लायचा भिजलेला भुसा झाला होता. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझी तेरा वर्षांची भाची असणार होती.

हे लाकूड नुसत्या वयामुळे कुजत नाही. कुणीतरी कडी बसवायला, कुणीतरी खोली मोजायचं यंत्र लावायला भोक पाडतं आणि ते नीट सील करत नाही. तिथून पाणी झिरपतं. उघडं लाकूड भिजलं तर वाळतं तरी. फायबरच्या दोन थरांत कोंडलेल्या लाकडाला वाळायला जागाच नसते. मग बुरशी निवांत जेवत बसते. त्यात इथला हिवाळा. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दर वर्षी फट थोडी रुंद करतं.

माझं भांडण बुरशीशी नाही, ती तिचं काम करते. माझं भांडण ‘रिस्टोअर’ या शब्दाशी आणि त्याच्या आडून चालणाऱ्या रंगसफेदीशी आहे. तुम्ही-आम्ही साठ सेकंदांचे व्हिडिओ बघतो : आधी शेवाळलेली बोट, मग पॉलिश, मग सूर्यास्त. ट्रान्सम उघडलेला कधी दिसतो का? कुजका लगदा खरवडण्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून तेवढंच गाळलं जातं. आणि सोय अशी, की तेवढंच गाळलेलं पाण्यात उतरेपर्यंत कळत नाही.

मलाही शॉर्टकट सुचवणारे भेटले. ‘चार भोकं पाड, पातळ इपॉक्सी ओत, वरून रंग मार.’ ओल्या, कुजक्या लाकडात इपॉक्सी धड मुरत नाही आणि भुसा झालेल्या लाकडाची ताकद परत येत नाही. एक मित्र म्हणाला, ‘अरे, रंग छानच आहे, पुढच्याला विकून टाक.’ खोटं कशाला बोलू, एक रात्र मी तोच विचार केला. जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढले. मला फसवणाऱ्यात आणि माझ्यात तेव्हा एका क्लिकचं अंतर उरलं होतं.

खरं काम कंटाळवाणं आहे. इंजिन उतरवायचं. आतला फायबरचा थर कापायचा. तोंडावर मास्क लावून सगळं कुजकं खरवडायचं. मरीन प्लायचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या थराला चिकटवायचे, कडांवर काचेच्या कापडाचे पट्टे चढवायचे. मरीन प्लायही कुजतं, म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि मग त्याच्या मधोमध हवं तेवढं पाडायचं. माझे सहा वीकएंड गेले. फोटोत दाखवायला काहीही नाही.

‘एवढा खर्च? तेवढ्यात दुसरी बोट येईल,’ हा आक्षेप मला मान्य आहे. मग बोट मोडीत काढा, किंवा ‘ट्रान्सम कुजलेला आहे’ असं लिहून विका. दोन्ही मार्ग इभ्रतीचे आहेत. लपवून विकणाऱ्याला मात्र ‘जुन्याची आवड’ म्हणायचा हक्क नाही.

आवडीचंच म्हणाल, तर याच राज्यात, लेक पेपिन तलावावर, १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा पाईनच्या दोन फळ्या पायाला बांधून बोटीमागे पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंगची सुरुवात तिथली मानतात. त्या खेळात उभा राहणारा पुढच्या बोटीवर भरवसा टाकूनच दोरी धरतो. त्या भरवशाला रंग फासून भागत नाही.

म्हणून कुणी ‘रिस्टोअर केलेली’ म्हणालं की एकच मागा : ट्रान्सम उघडल्याचे फोटो. नसतील तर भाव रंगाचा द्या, बोटीचा नको. माझी बोट उद्या कुणी घ्यायला आलं, तर फोटो आहेत. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. हातोडी बोटीतच ठेवली आहे.