नव्या रायफलीचा हिशेब

नवी सायकल घरी आणली की आठ-पंधरा दिवसांनी ती दुकानात नेऊन पुन्हा आवळून घ्यावी लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सायकल डुगडुगली तर आपण सायकलला दोष देतो, चालवणाऱ्या मुलाला देत नाही. पण घरात स्प्रिंगची नवी एअर रायफल आली आणि छर्रे कार्डावर इकडे तिकडे पडू लागले, की दोष थेट मुलाच्या नाहीतर मुलीच्या माथी बसतो. "याला नजरच नाही," असे सांगून मोठी माणसे मोकळी होतात. आज आम्ही याच विषयावर लिहिणार आहोत.

हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक मिळवले. २०१० साली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली. २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा जगज्जेता झाला आणि २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्यपदक आणले. हे पाहून मुले हट्ट धरतात आणि आईबाप पैसा पैसा जोडून रायफल घेतात. मोठ्या स्पर्धेतली रायफल दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालते आणि तिची किंमत लाखाच्या पुढे जाते. आपल्या घरी येते ती नळी मोडून भरायची, स्प्रिंगची, काही हजारांची रायफल. सुरुवातीला ती पुरेशी आहे. मात्र तिला आधी लागी लावावे लागते.

तिचे काम कसे चालते, हे प्रथम समजून घ्यावे. नळी खाली मोडली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यासमोरचा दट्ट्या मागे अडकून बसतो. चाप ओढला की दट्ट्या सुटून पुढे धावतो, हवा कोंडून दाबतो आणि ती हवा बारीक भोकातून छर्र्याला ढकलते. सायकलचा पंपच म्हणा ना, फक्त हाताऐवजी स्प्रिंग. दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे सरकते आणि दाबलेल्या हवेच्या गादीवर तो आपटताच ती पुढे झटका खाते. हे सगळे छर्रा नळीबाहेर पडण्याच्या सुमारासच घडते. म्हणून या रायफलीत लहानसा ढिलेपणाही कार्डावर मोठा होऊन दिसतो.

आम्ही पेशाने कारकून. हिशेब चुकला तर सगळे आकडे एकदम खोडायचे नसतात, एकेक नोंद तपासत जायचे असते, हे आम्हाला नोकरीने शिकवले. रायफलीलाही तोच नियम लावावा. एक वही घ्यावी. तारीख, आजवर किती छर्रे मारले, कोणत्या डब्यातले, किती अंतरावरून आणि त्या दिवशी काय बदलले, हे लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिले काम सफाईचे. कारखान्यातून येताना नळीत गंज न लागण्यासाठी वंगण लावलेले असते. मऊ सुती कापडाच्या चिंध्या दोरीने, छर्रा भरतो त्या बाजूकडून तोंडाकडे ओढाव्यात. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. पण दट्ट्याच्या बाजूच्या भोकात तेल सोडू नये. स्टोव्हच्या पंपाच्या वायसरला आपण खोबरेल लावतो, तीच सवय इथे कामाला आणली तर घात होतो. पंप मारताना तो तापतो हे आपण हाताने अनुभवले आहे. इथे हवा त्याहून कितीतरी पटीने तापते आणि तेल आतल्या आत पेट घेते. मोठा आवाज होतो, धूर निघतो, छर्रा एकदा जोरात जातो तर एकदा हळू. नव्या रायफलीत मुळातच थोडे वंगण असल्याने सुरुवातीला धूर आणि जळका वास येतो. त्याला घाबरू नये. चामड्याचा वायसर असेल तर सोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल, सांगितले असेल तेवढेच थेंब.

दुसरे काम स्क्रूंचे. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन बाजूंना दोन आणि चापाजवळ एक किंवा दोन स्क्रू असतात. दर झटक्याला ते थोडे थोडे सुटतात. पहिल्या दोन-तीनशे छर्र्यांपर्यंत दर पन्नास छर्र्यांनी ते तपासावेत. खाचेत बरोबर बसणाराच पेचकस घ्यावा आणि घट्ट बसेल इतकेच आवळावे. जोर करून लाकूड चिरू नये. नळी जिथे मोडते तो सांधाही पाहावा. नळी आडवी हलली तर नेम कधीच टिकणार नाही. मग सांध्यातून हवा गळते का ते पाहावे. सांध्यावर पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून एक छर्रा मारावा. पट्टी उडाली तर तिथला वायसर बदलून घ्यावा.

तिसरे काम धीराचे. पहिल्या दोन-तीनशे छर्र्यांत स्प्रिंग आणि वायसर आपापल्या जागी बसतात. तोवर कार्डावरून काही निकाल काढू नये. मात्र या काळातही छर्रा न भरता चाप ओढू नये. समोर छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या लोखंडावर आपटतो.

चौथे काम छर्र्यांचे. एकाच मापाचे म्हणून विकलेले छर्रेही सारखे नसतात. कोणती रायफल कोणता छर्रा मानेल, हे मारून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कार्डासाठी सपाट डोक्याचे घ्यावेत, कारण ते कागदाला स्वच्छ भोक पाडतात. दोन-तीन प्रकारचे लहान डबे आणून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे वेगवेगळ्या कार्डांवर मारावेत. मागची कडा चेपलेला छर्रा बाजूला काढावा. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नयेत आणि सराव झाला की हात साबणाने धुवावेत.

पाचवे काम धरण्याचे. जी वस्तू उसळते तिला घट्ट पकडावे असे मनाला वाटते. इथे उलटे आहे. रायफल उघड्या तळहातावर ठेवावी, बोटांनी आवळू नये, खांद्याला हलकी टेकवावी आणि तिला सरकू द्यावे. दर वेळी तळहात त्याच जागी, गाल त्याच जागी. टेकवून मारायचे असेल तर खाली वाळूची किंवा धान्याची पिशवी, तिच्यावर हात आणि हातावर रायफल. उघड्या लाकडावर टेकवली की छर्रा दुसरीकडेच जातो. छर्रा सुटल्यावरही क्षणभर माशीवरची नजर हलवू नये.

एवढे झाल्यावरच माशी आणि खाच यांना हात लावावा. आधी छर्रे एकत्र पडू द्यावेत, मग तो पुंजका मध्यावर आणावा. ज्या बाजूला छर्रा न्यायचा त्याच बाजूला मागची खाच सरकवायची. किती, ते त्रैराशिकाने काढता येते. माशी आणि खाच यांतले अंतर ५० सेंटीमीटर असेल आणि कार्ड १० मीटरवर असेल, तर हे अंतर वीसपट झाले. खाच १ मिलिमीटर सरकली की छर्रा २० मिलिमीटर सरकतो. पुंजका ३० मिलिमीटर डावीकडे असेल तर खाच दीड मिलिमीटर उजवीकडे न्यावी. शाळेत शिकलेले गणित असे कामी येते, हे मुलांना दाखवण्याची संधी पालकांनी सोडू नये. दुर्बीण लावायची असेल तर एअर रायफलीसाठी बनवलेलीच घ्यावी; दोन्ही बाजूंच्या झटक्यांनी साधी दुर्बीण खिळखिळी होते. चाप फार हलका करू नये. आणि स्प्रिंग घरी कधीच उघडू नये. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस जखमी होतो. ते काम जाणत्या कारागिराचे.

आमच्या माहितीतली नववीतली एक मुलगी आहे. वडील रिक्षा चालवतात. नव्या रायफलीचे छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखरून पडायचे. सरावाच्या जागी एका शहाण्याने वडिलांच्या देखत सांगितले, "हा खेळ तुमच्यासारख्यांचा नाही." मुलगी रडली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गेलीही नाही. वडील अर्ध्या किमतीत रायफल विकायला निघाले होते. आम्ही तीन रविवार मागून घेतले आणि वही उघडली. पहिल्या रविवारी पुढचा डावा स्क्रू जवळजवळ एक फेरा सैल निघाला. दुसऱ्या रविवारी कळले की डब्यातले कितीतरी छर्रे चेपलेले होते. नवा डबा आणला. तिसऱ्या रविवारी तिचा हात पाहिला. वस्तू महागाची, पडेल या भीतीने ती रायफल आवळून धरत होती. हात सैल केल्यावर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. तिन्ही रविवारची कार्डे वहीत चिकटवलेली आहेत. पदक अजून मिळालेले नाही. पण रायफल विकली गेली नाही, आणि छर्रा चुकला तर तो का चुकला हे मुलगी आता स्वतःच सांगते.

पालकांना चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या रायफलीला परवाना लागत नाही. त्यामुळे तिला कोणी खेळणे समजू नये. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तर त्याचा जोर १० ज्यूल होतो. डोळा जायला तो पुष्कळ झाला. नळी मोडलेली असताना चापाला बोट लावू नये आणि छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवावी; ती सटकून मिटली तर बोटे चिरडतात. भरलेली रायफल ठेवून उठू नये. कार्डामागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे किंवा वाळू भरलेला खोका असावा, कारण भिंतीवरून छर्रा परत येतो. डोळ्यांवर चष्मा असावा आणि पोरेबाळे मारणाऱ्याच्या मागे असावीत. पाखरांवर रायफल रोखू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते वाईटच.

दहा मीटरच्या कार्डावरचे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. तिथवर पोचायला मुलाला काही वर्षे लागतील. त्या वर्षांची सुरुवात "तुला जमणार नाही" या वाक्याने होऊ देऊ नका. आधी स्क्रू तपासा, छर्रे तपासा, पकड तपासा, वहीत लिहा. आपल्या मुलांविषयी मत देण्याची घाई करणारे बाहेर पुष्कळ आहेत. घरातल्यांनी तरी पुरावा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.