वॉरंटीचा खर्च कंपनीचा वाचला, धूर कुणाच्या वाट्याला आला?

मागच्या महिन्यात लोह्याजवळच्या एका वस्तीत बैठकीला गेलो होतो. बैठक उठल्यावर एक पिकअपवाला भाऊ मागे थांबला. गाडी फायनान्सवर घेतलेली, नांदेड-लातूर भाजीपाला वाहतो. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा लाइट पेटला होता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, धुराचा फिल्टर चोक झालाय, तुम्ही गाडी हळू चालवता, हे वॉरंटीत बसत नाही. खर्च सांगितला तो दोन हप्त्यांएवढा. बाहेरच्या गॅरेजवाल्याने सोपा रस्ता दाखवला : फिल्टर आतून कापून टाकू, कॉम्प्युटरमधून लाइट बंद करू, पुन्हा कटकट नाही. "दादा, करून टाकू का?" त्याने आम्हाला विचारलं.

आम्ही नको म्हणालो. पण हप्ता कुठून भरायचा याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, हेही कबूल केलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, ही ड्रायव्हर लोकं अशीच, नियम पाळायला नकोत. म्हणूनच हे लिहितोय. धूर रोखणारा भाग बंद करून दुरुस्तीचा खर्च वाचवायची ही युक्ती नांदेडच्या गॅरेजमध्ये जन्मलेली नाही. ती जगातल्या मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरांनीही वापरलेली आहे.

फोक्सवॅगनचं प्रकरण बहुतेकांना अर्धंच माहीत असतं. गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपण तपासणीच्या रोलरवर आहोत. तेवढ्यापुरती धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण चालायची, रस्त्यावर आली की ढिली पडायची. १८ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हे जाहीर केलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा. २०१२च्या सुमारास काही ग्राहकांच्या गाड्यांचे धुराशी संबंधित भाग निकामी व्हायला लागले. इंजिनिअरांचा अंदाज असा की गाडी रस्त्यावरही चुकून 'तपासणी' अवस्थेत राहते, म्हणजे यंत्रणा खरोखर काम करते, आणि तो ताण भागांना झेपत नाही. मग उपाय काय केला? भाग मजबूत केले? नाही. स्टिअरिंग किती वळतं यावरून तपासणी ओळखायची नवी सोय सॉफ्टवेअरमध्ये घातली, म्हणजे रस्त्यावर यंत्रणा नक्की ढिली पडेल. जुन्या गाड्या दुरुस्तीला आल्या की त्यांतही ते टाकलं, आणि ग्राहकांना सांगितलं की गाडी सुधारली. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करताना ही हकीकत मान्य केली. ४.३ अब्ज डॉलर दंड झाला.

गॅरेजवाला जे छिन्नीने करतो, तेच त्यांनी कोडने केलं. फरक एवढाच की गॅरेजवाला गिऱ्हाइकाला खरं सांगतो.

आपल्याकडे काय झालं? पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या तेव्हा या गाड्यांचा धूर भारत स्टेज ४च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. आपण भारताचा नियम मोडलाच नाही, असं कंपनी म्हणत राहिली. हरित लवादाने ७ मार्च २०१९ला ५०० कोटींचा दंड ठोठावला. दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. लवादाच्या समितीने आरोग्याचं नुकसान १७१.३४ कोटी धरलं होतं, तेही दिल्लीसारखं महानगर आधाराला घेऊन. लातूरच्या गंजगोलाईत हातगाडी लावणाऱ्याचं फुप्फुस त्या गणितात कुठे आलं?

त्याआधीची गोष्ट तर आपल्या रस्त्यावरची. शेवरोले तवेरा. कधी ना कधी तिच्यात दाटीवाटीने बसून लग्नाला किंवा दीक्षाभूमीला गेला नाहीत असे तुमच्यात किती निघतील? जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. कंपनीच्याच माणसांनी तपासणीसाठी कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून बसवली होती. काही अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पण २००५ पासून त्या गाड्यांच्या मागे जे धूर खात होते, त्यांना कुणी परत बोलावून विचारलं नाही.

कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड. प्रदूषणाचा नियम मोडला तर १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. ड्रायव्हरचं लायसन्स तीन महिने जाणं म्हणजे गाडी फायनान्सवाला ओढून नेणं. कंपनीलाही कागदावर १०० कोटींपर्यंत दंड आहे, पण तिला वकील आहेत, तारखा आहेत. शिक्षेतही श्रेणीबद्ध विषमता असते ती अशी.

आणि ज्या पीयूसीच्या जोरावर रस्त्यात अडवतात, ती डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजते. फोक्सवॅगनचा सगळा घोटाळा ज्या नायट्रोजन ऑक्साइडचा होता, ते त्या मशीनला दिसतच नाही. ते श्वासनलिकेला सूज आणतं, दमा वाढवतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मानकात न बसणारं शहर म्हणून लातूर आहे, नांदेड नाही. नांदेडमध्ये पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगार ताईंना विचारा, फरक जाणवतो का. हायवेला लागून कुणाच्या वस्त्या आहेत आणि गॅरेजच्या खड्ड्यात उतरून तो फिल्टर कापणारी पोरं कोणाची आहेत, हे आपल्याला सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बजावलं होतं की राज्याने हात काढून घेतला की उरते ती खाजगी मालकाची हुकूमशाही. गाडी कधी खरं बोलायची हे कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवत असेल, तर ते दुसरं काय आहे?

म्हणून पर्यावरणाचा विषय वरच्या लोकांचा, असं म्हणून आपण सोडून देऊ नये. आणि बायपासचं समर्थनही करू नये. तो धूर आपल्याच वस्तीत येतो. भांडण वॉरंटीवर करायचं. शहरात आणि खेड्याच्या रस्त्यावर हळू चालणारी मालगाडी विकायची आणि हळू चालवली म्हणून वॉरंटी नाकारायची, हे कसं? स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल तर मालक कायद्याने ग्राहकच ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, वकील लावलाच पाहिजे असं नाही.

त्या भावाने फिल्टर अजून कापलेला नाही. वॉरंटी का नाही ते लेखी द्या, असा अर्ज आम्ही मराठीत लिहून दिला. सर्व्हिस सेंटरने आधी पोच द्यायलाच नकार दिला, मग रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर यायचं आहे. लाइट पेटलेलाच आहे आणि पुढचा हप्ता पाच तारखेला आहे.