नियमपुस्तिकेतला ‘परवा’

मराठीतला ‘परवा’ हा शब्द मोठा फसवा. गेलेला दिवसही परवा आणि येणाराही परवाच. कन्नडमध्ये गेलेल्याला ‘मोन्ने’ आणि येणाऱ्याला ‘नाडिद्दु’, असे दोन वेगळे शब्द. म्हणून आपल्याकडच्या घरांत सासूबाई ‘परवा’ म्हणाल्या की कन्नड माहेरची सून क्रियापद ऐकेपर्यंत थांबते. घरात हे चालून जाते. मुलांच्या रोबोट स्पर्धेत मात्र असला एक शब्द सगळी मेहनत पाण्यात घालवतो.

‘रोबोट चौकोनात थांबला पाहिजे’ असा नियम असतो. चौकोनात म्हणजे सगळा आत, की एक चाक आत असले तरी चालेल? रेषेला टेकला तर आत धरायचा की बाहेर?

वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड ही स्पर्धा 2004 साली सिंगापुरात सुरू झाली. तिच्या रोबोमिशन गटाचा नियम पाहा. सुरुवातीपूर्वी रोबोट लांबी, रुंदी, उंचीला 250 मिलिमीटरच्या आत हवा. एकदा सुरू झाला की मापाचे बंधन नाही. हे दुसरे वाक्य फार मोलाचे, कारण रोबोटचा दुमडलेला हात पुढे उघडायचा असतो. गेल्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेच्या पुस्तिकेत पहिले वाक्य उतरवले आणि दुसरे गाळले. माझ्या भाचीच्या गटाचा रोबोट मापात बसला, त्याने हात उघडला आणि पंचांनी तो बाद केला. “पुस्तिकेत लिहिलंय तेच खरं.” त्याच पुस्तिकेत हात पसरलेल्या रोबोटचे चित्र होते! “सर, चित्रपण पुस्तिकेतलंच आहे की,” पोरगी म्हणाली. उत्तर कोणी दिले नाही. चार महिन्यांचे रविवार गेले.

चूक छापणाऱ्याची, भुर्दंड मुलांना, हे मला पटत नाही. फर्स्ट लेगो लीगच्या नियमांत, गोष्ट स्पष्ट नसेल तर संशयाचा फायदा संघाला मिळतो. मोठ्या मुलांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची पुस्तिका बजावते की शब्दांचा अर्थ लिहिला आहे तेवढाच घ्या, हेतूचे तर्क करू नका. पण तिथे हंगामभर दुरुस्त्या निघतात आणि शंकांची उत्तरे सगळ्या संघांना दिसतात. अनुवादात फरक पडला तर मूळ इंग्रजी प्रतच प्रमाण. मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या मुलांना ही अट जड जाते, कारण त्यांना नियम कळतो तो सरांनी सांगितलेल्या अर्थातून.

पालकांनो, तोंडी विचारू नका. लेखी विचारा, स्पर्धेआधी विचारा, आणि उत्तर सर्व संघांना पाठवा असा आग्रह धरा.

भाचीच्या घरी यंदा एक युक्ती चालू आहे. प्रत्येक नियम आई कन्नडमध्ये सांगते, बाबा मराठीत. दोन अर्थ निघाले की तो नियम वहीत उतरवायचा. असे अकरा प्रश्न आयोजकांना गेले. सातांची उत्तरे आली आहेत.