आधी डोके मोजा, मग टोपी विणा



एका रविवारी विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गुंडाळणे चालू असताना वस्तीतल्या एका मावशींनी आपली पिशवी आमच्यापुढे उलटी केली. आतून लोकरीच्या ९ टोप्या बाहेर पडल्या.

मावशी घरी बसून एका दुकानासाठी क्रोशाच्या टोप्या विणतात. लोकर दुकानदाराची, मेहनत मावशींची आणि मजुरी नगावर. त्या खेपेला त्यांनी २४ टोप्या नेऊन दिल्या होत्या. दुकानदाराने १५ ठेवून घेतल्या आणि ९ "बसत नाहीत" म्हणून परत केल्या. त्या ९ टोप्यांची मजुरी तर बुडालीच, वर त्यांच्या लोकरीचे पैसेही उरलेल्या मजुरीतून कापले गेले.

"माझा हातच बिघडला का जी भाऊ?" मावशी म्हणाल्या. "टाके तं मी सगळ्याइत सारखेच घातले."

हा प्रश्न आमच्या मनाला लागला. कारण क्रोशाची सुई हातात कशी धरायची हे आम्हाला याच मावशींनी शिकवले होते. आमच्या धाकट्या बहिणीच्या लेकीसाठी टोपी विणावी असे गेल्या हिवाळ्यात आमच्या मनाने घेतले. कचेरीत लोक हसले. पुरुषाने विणकाम करायचे म्हणजे काय, असा त्यांचा सूर. आम्ही म्हणालो, थंडी बाई-पुरुष पाहून वाजत नाही, मग सुईने तरी का पाहावे? असो. पण आमची पहिली टोपी त्या लेकराच्या नाकापर्यंत उतरली. घमेले पालथे घातल्यासारखे दिसले. दुसरी इतकी घट्ट झाली की डोक्यात शिरेना. दोन्ही उसवल्या. तिसऱ्या वेळी मात्र एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. टेप घेतला आणि लेकराचे डोके मोजले.

नवशिक्यांची टोपी बिघडते ती बहुधा इथेच. आपण दुसऱ्याच्या टोपीचे टाके मोजून आणतो. आपल्या माणसाचे डोके मात्र मोजत नाही.

पद्धत अशी. टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर असतो तिथून फिरवावा. आमच्या भाचीचे माप ४७ सेंटिमीटर आले. लोकरीचे विणकाम ताणले जाते, म्हणून टोपी डोक्यापेक्षा थोडी लहान हवी. लेकरासाठी ३ सेंटिमीटर कमी धरावेत. राहिले ४४. आता शाळेत शिकलेले वर्तुळ आठवा. घेराला २२ ने भागून ७ ने गुणले की व्यास मिळतो. ४४ भागिले २२ म्हणजे २, आणि दोन साते १४. म्हणजे टोपीचा वरचा माथा, ती गोल चकती, १४ सेंटिमीटर रुंद झाली की टाके वाढवणे थांबवायचे. टोपी बसण्याचे सगळे गुपित एवढेच आहे.

आता विणण्याकडे वळू. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्यावी. लहान मुलाच्या टोपीला ५० ग्रॅमचा एक गुंडा साधारण पुरतो, पण त्याच रंगाचा आणि त्याच जाडीचा दुसरा जवळ असू द्यावा. ४ साखळ्या घालून त्या जोडाव्यात, म्हणजे लहानसे कडे तयार होते. त्या कड्यात १२ खांब घालावेत. सुईवर धागा एकदा गुंडाळून जो उंच टाका घालतो तो खांब. फेरीच्या सुरुवातीला ज्या ३ साखळ्या घालतो त्यांनाच पहिला खांब समजावे आणि पुढे ११ घालावेत. शेवटी सुई पहिल्या खांबाच्या माथ्यात घालून धागा ओढून घ्यावा व फेरी बंद करावी.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन खांब, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, असे आळीपाळीने; झाले ३६. चौथ्या फेरीत दोन खांबांवर एकेक आणि तिसऱ्यावर दोन, झाले ४८. पाचव्या फेरीत तीन खांबांवर एकेक आणि चौथ्यावर दोन; झाले ६०. दर फेरीला १२ ची भर. प्रत्येक फेरी संपली की खांब मोजून वहीत आकडा लिहावा. कचेरीत आम्ही दिवसाची बेरीज जुळल्याशिवाय उठत नाही, तसेच इथेही बेरीज जुळल्याशिवाय पुढच्या फेरीला जाऊ नये. नवशिक्याचा फेरीतला शेवटचा खांब हमखास सुटतो. म्हणून फेरी जिथे सुरू होते तिथे वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवावा.

चकती मधून मधून पाटावर ठेवून पाहावी. ती सपाट बसली पाहिजे. कडेला झालरीसारख्या चुण्या पडत असतील तर टाके जास्त झाले. वाटीसारखी वळू लागली असेल तर टाके कमी पडले किंवा हात आवळला. दोन्ही वेळा फेरी उसवावी. उसवण्यात कमीपणा नाही. चुकीवर चूक चढवत जाणे जास्त महाग पडते.

आमची चकती पाचव्या फेरीला १४ च्या जवळ आली. तुमची चौथ्या किंवा सहाव्या फेरीला येईल. फेऱ्यांच्या आकड्याला धरून बसू नये, टेपवर विश्वास ठेवावा. त्यानंतर एकावर एक खांब घालत जावे, भर नाही. टोपी आपोआप खाली वळते. माथ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत माप घेऊन तेवढी उंची झाली की थांबावे. शेवटच्या दोन फेऱ्या धागा न गुंडाळता बुटक्या टाक्यांच्या घातल्या तर कड घट्ट राहते. तान्ह्या मुलाच्या टोपीला गळ्याखाली बांधायची लांब नाडी किंवा बटणे लावू नयेत. नाडी गळ्याभोवती आवळू शकते आणि बटण तोंडात जाऊ शकते.

मोबाईलवर पाहून शिकणाऱ्या मुलींसाठी एक सूचना. अमेरिकेतल्या बायका ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब. इंग्लंडमध्ये मात्र त्याच नावाने बुटका टाका ओळखला जातो. नाव एक, टाके दोन. नावावर जाऊ नये; सुईवर धागा किती वेळा गुंडाळला ते पाहावे.

आता मावशींच्या ९ टोप्यांकडे येऊ. त्यांची मुलगी नववीत शिकते. तिला आम्ही टेप दिला आणि विहारातच मोजणी केली. खांब प्रत्येक टोपीत ६० च होते, मावशींचे म्हणणे खरे होते. पण घरी राहिलेल्या एका पसंत नमुन्याचा घेर ४४ आला आणि या नऊंचा ३९. असे का व्हावे? पोरीनेच ओळखले. दोन्ही टोप्यांचे धागे शेजारी धरून ती म्हणाली, "आई, ही लोकर बारीक हाय." दुसऱ्या खेपेला दुकानदाराने बारीक लोकर दिली होती आणि त्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. बारीक लोकरीचा खांब बुटका आणि अरुंद होतो. टाके तेवढेच राहिले तरी टोपी लहान होणारच. मावशींचा हात बिघडला नव्हता. मालच बदलला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी, त्यांची मुलगी आणि आम्ही, तिघे दुकानात गेलो. भांडण केले नाही. दोन टोप्या, दोन धागे आणि टेप त्यांच्या गल्ल्यावर ठेवला. बोलली ती मुलगी. दुकानदार थोडा कुरकुरला, पण टेपपुढे त्याचे काही चालेना. ३९ घेराच्या टोप्या ४२ सेंटिमीटरच्या डोक्याला, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या बाळाला नीट बसतात, हे त्याला पटले. त्याने नऊही टोप्या ठेवून घेतल्या, मजुरी दिली आणि कापलेले पैसे परत केले. मजुरीचा दर काही वाढला नाही. तो विषय अजून शिल्लक आहे, आणि तो एकट्या मावशींचा नाही. घरी बसून नगावर काम करणाऱ्या सगळ्या भगिनींचा आहे. पण आता लोकर घेताना मावशी घेराचे माप चिठ्ठीवर लिहून मागतात. लोकर नवी असली की आधी हातभर चकती विणून टेप लावतात. मग पुढचे टाके ठरवतात.

कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ही शिकवण आपण मोठमोठ्या गोष्टींना लावतो. ती लोकरीच्या टोपीलाही लागू पडते, आणि मावशींच्या बाबतीत तिने नऊ टोप्यांची मजुरी सोडवून आणली.

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीला निघतो. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरच्या वर आहे. रात्रभर गाडीच्या खिडकीतून वारा येतो आणि लेकरे आईच्या पदरात कान लपवतात. तेव्हा भगिनींनो, आणि बंधूंनो तुम्हीसुद्धा, आज रात्री जेवणे झाली की घरातल्या लहानग्याचे डोके मोजा, आकडा वहीत लिहा आणि सुई हातात घ्या. पहिली टोपी चुकली तर उसवा. लोकर तीच राहते आणि हात शहाणा होतो.

जयभीम!