घरचे शिक्षण : काही शंका

आपल्यापैकी कोणी मुलास शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याचे ठरविले, की सुरतेच्या कापडबाजारात पहिला प्रश्न येतो : “मग दाखला कोण देणार?” प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास शाळेत न जाताही देता येते. दाखल्याची उपेक्षा मात्र करू नये. मुंबईची मालविका जोशी घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने पदके मिळविली. परंतु बारावीचा दाखला नसल्याने आय. आय. टी.चे दार तिला बंदच राहिले. २०१६ साली अमेरिकेतील एम. आय. टी.ने तिला प्रवेश दिला.

मूल एकलकोंडे होईल, ही भीती भरल्या घरात फारशी खरी नव्हे. उलट समज अधिक घातक वाटतो : पेढीवर बसविले, जमा-नावे शिकविले, की शिक्षण झाले! बारा वर्षांच्या मुलास गल्ल्यावर बसवून त्यास गृहशिक्षण म्हणणे ही आत्मवंचना होय. मुलीची शाळा सोडविण्यास तर हे निमित्त मुळीच होऊ नये.

आणि दिवाळीच्या हंगामात दुकान रात्रीपर्यंत उघडे असते, तेव्हा मुलाजवळ कोण बसणार? बहुधा तो भार गृहिणीवरच पडतो. निर्णय घेताना तिला कोणी विचारलेले नसते.